स्वरयंत्र काढल्यानंतर पुन्हा बोलायला लागताना

स्वरयंत्र पूर्ण काढलं तरी जीभ, ओठ, दात, टाळू आणि नाक जागच्या जागी असतात, आणि शब्द घडतात ते तिथेच. स्वरयंत्राचं काम त्याच्या आधीचं. फुप्फुसातून वर येणाऱ्या हवेने दोन स्वरतंतू थरथरतात आणि एक कच्चा सूर तयार होतो. पुरुषांमध्ये ही थरथर सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा होते, स्त्रियांमध्ये २०० च्या आसपास. त्या सुराचा 'क', 'म' किंवा 'आ' करतं ते तोंड. म्हणून ऑपरेशननंतरचा खरा प्रश्न एवढाच असतो की तोंडाला ही थरथर आता कुठून मिळवून द्यायची. तिचे तीन मार्ग आहेत आणि हा लेख त्या तिन्हींबद्दल आहे. तुमचं स्वतःचं ऑपरेशन ठरलं असेल किंवा घरातल्या कुणाचं नुकतंच झालं असेल, तर इथून सुरुवात करा. स्वरयंत्राचा फक्त काही भाग काढला असेल तर गोष्ट वेगळी असते, ती इथे घेतलेली नाही.

एक बदल आधी नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. या ऑपरेशनमध्ये श्वासनलिकेचं वरचं टोक मानेच्या खालच्या भागात पुढे आणून कातडीला शिवतात. त्या छिद्राला स्टोमा म्हणतात. यापुढे श्वास तिथूनच आत जातो आणि तिथूनच बाहेर येतो. नाक आणि तोंड आता फक्त अन्ननलिकेला जोडलेली असतात. त्यामुळे फुंकर मारता येत नाही, खोकला मानेतून येतो, आणि बोलायला म्हणून कितीही जोर लावला तरी ती हवा तोंडापर्यंत पोचत नाही.

ऑपरेशनच्या आधी

स्पीच थेरपिस्टची पहिली भेट ऑपरेशनच्या आधी व्हायला हवी. बऱ्याचदा ती नंतर होते आणि तोवर घरातले सगळे घाबरून गेलेले असतात. या भेटीत हे ऑपरेशन होऊन गेलेल्या, आता बोलत असलेल्या एखाद्या व्यक्तीला भेटवता येईल का, हे जरूर विचारा. तासभर समजावून जे पटत नाही ते अशा माणसाशी पाच मिनिटं बोलून पटतं.

दुसरं, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. तब्येत साथ देत असेल तोवर, शांत खोलीत, फोनवर केलं तरी चालतं. घरच्यांची नावं घेऊन मारलेल्या हाका, नेहमीची वाक्यं, हसणं, नातवंडांना सांगायच्या गोष्टी. फोनवर टाइप केलेला मजकूर वाचून दाखवणारी ॲप आता सहज मिळतात, आणि काहींमध्ये माणसाच्या स्वतःच्या रेकॉर्डिंगवरून त्याच्यासारखा आवाज तयार करता येतो. ही सोय वापराल की नाही ते नंतर ठरवा. पण रेकॉर्डिंग नंतर करता येणार नाही.

पहिले काही दिवस

जखम भरेपर्यंत पाटी, वही किंवा फोन हेच साधन. लिहिता येत नसेल तर चित्रांचा तक्ता आधीच करून घ्या: पाणी, दुखतंय, कफ काढा, कूस बदला, लघवी, गरम होतंय, नर्सला बोलवा. होकार-नकाराची खूण ठरवून ठेवा आणि सगळ्यांनी तीच वापरा.

या दिवसांत पेशंट जिवाच्या आकांताने कुजबुजायचा प्रयत्न करतो. त्याने आवाज येत नाही, फक्त स्टोमातून जोरात फस्स असा वारा निघतो, आणि ही सवय लागली की पुढे कुठलाही मार्ग शिकताना ती आड येते. ओठ हलवून बोला, शब्द पूर्ण आकारात उच्चारा, पण श्वास शांत ठेवा. हा सराव फुकट जात नाही. पुढे इलेक्ट्रोलॅरिंक्स, म्हणजे थरथर देणारं यंत्र, हातात येईल तेव्हा नेमकं हेच करायचं असतं.

आवाज काढायचे प्रयत्न कधी सुरू करायचे हे सर्जनच सांगतील. आतले टाके भरले आहेत आणि घशातून गळती नाही याची खात्री झाल्याशिवाय अन्ननलिकेचा वापर करणाऱ्या पद्धती सुरू करत नाहीत.

पहिला मार्ग: इलेक्ट्रोलॅरिंक्स

हे टॉर्चएवढं, बॅटरीवर चालणारं यंत्र. बटण दाबलं की त्याचं डोकं गुणगुणतं. ते मानेला टेकवलं की थरथर कातडीतून घशात शिरते आणि तोंड तिचे शब्द करतं. सगळ्यात लवकर जमणारा मार्ग हाच. मान अजून दुखरी किंवा सुजलेली असेल तर यंत्राला बारीक नळी लावून ती तोंडाच्या कोपऱ्यातून आत घेता येते. सर्जनची हरकत नसेल तर हे हॉस्पिटलमध्येच सुरू होऊ शकतं.

माझं मत स्पष्ट आहे. पुढे जाऊन तुम्ही कुठलीही पद्धत निवडा, इलेक्ट्रोलॅरिंक्स वापरता यायलाच हवं. सर्दी झाली, तिसऱ्या मार्गात बसवतात तो व्हॉल्व्ह गळायला लागला, थकवा आला की हेच हाताशी असतं. 'यंत्रासारखा आवाज येतो' म्हणून पुष्कळ जण ते नाकारतात आणि महिनोन्‌महिने घरात मुके बसून राहतात. त्या महिन्यांत माणूस बोलण्यातून, निर्णयांतून, घरातूनच बाजूला पडत जातो. त्यापेक्षा यंत्राचा आवाज कितीतरी बरा.

यातली खरी मेख आहे जागा सापडण्यात. यंत्र ज्या हाताने लिहित नाही त्या हातात धरा, म्हणजे दुसरा मोकळा राहतो. आरशासमोर बसा. जबड्याच्या हाडाखाली, मानेच्या बाजूला बोटाने चाचपून मऊ भाग शोधा. यंत्राचं डोकं तिथे पूर्ण सपाट टेकलं पाहिजे, एका कडेवर कललेलं नको. तोंड उघडून 'आ' चा आकार करा, श्वास सोडू नका आणि बटण दाबा. सुरुवातीला बहुतेक वेळा मानेवर नुसती भुणभुण ऐकू येते. यंत्र किंचित वर सरकवा, पुन्हा दाबा. किंचित मागे, पुन्हा दाबा. एका ठिकाणी भुणभुण एकदम कमी होते आणि तोंडातून मोकळा 'आ' बाहेर पडतो. समोर बसलेल्याला तो फरक तुमच्या आधी कळतो, म्हणून कुणालातरी समोर बसवाच. जागा सापडली की पेनाने खूण करा आणि बघता न बघता यंत्र तिथेच जाईपर्यंत रोज तेवढंच करत राहा. रेडिएशनमुळे मान कडक झाली असेल तर गालावर टेकवून पाहा, नाहीतर तोंडातली नळी आहेच. नळी वापरताना तिचं टोक जिभेखाली दबता कामा नये आणि त्यात लाळ साचली तर पुसून घ्यायची.

मग बटणाची वेळ. वाक्य सुरू होताना दाबायचं, वाक्याचा तुकडा संपला की सोडायचं. बटण सतत दाबून ठेवलं तर शब्दांच्या मधल्या जागाही गुणगुणतात आणि ऐकणाऱ्याला शब्द तोडता येत नाहीत. एक ते दहा आकडे, वारांची नावं, मग 'पाणी दे', 'दार लाव' अशी घरातली छोटी वाक्यं, या क्रमाने जा.

आपल्या भाषेत इथे एक खास अडचण येते. यंत्र सतत गुणगुणत असल्यामुळे प आणि ब, त आणि द, क आणि ग यांतला फरक पुसट होतो. 'पोट' म्हणालात तर समोरच्याला 'बोट' ऐकू येऊ शकतं, 'ताट' चं 'दाट' होतं, 'काल' चा 'गाल'. ख, घ, थ, ध, फ, भ यांना हवेचा जो झोत लागतो तो फुप्फुसातून येतो, आणि तो आता तोंडापर्यंत पोचत नाही, म्हणून 'घर' आणि 'गर' सारखेच वाटू लागतात. सगळ्यात अवघड ह, कारण तो मुळात स्वरयंत्रातच घडायचा. 'हात दुखतोय' मधला 'हात' 'आत' असा ऐकू येतो आणि घरचे भलतीकडेच चौकशी करत बसतात.

यावर दोन उपाय आहेत. प, त, क म्हणताना ओठ किंवा जीभ घट्ट मिटून तोंडातलीच थोडी हवा कोंडा आणि फटकन सोडा. श्वासाचा जोर नको, सगळं काम गाल, ओठ आणि जिभेचं. स आणि श सुद्धा याच तोंडातल्या हवेवर निघतात. दुसरा उपाय म्हणजे सुटा शब्द बोलू नका. नुसतं 'पोट' म्हणण्यापेक्षा 'पोटात कळा येतायत' म्हटलं तर बाकीचं वाक्य तो शब्द सांभाळून घेतं. सावकाश बोला, तोंड नेहमीपेक्षा जास्त उघडा.

दुसरा मार्ग: अन्ननलिकेतून बोलणं

यात कुठलंही साधन लागत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात. तोंडातली हवा अन्ननलिकेच्या वरच्या भागात घ्यायची आणि लगेच परत बाहेर सोडायची. घसा आणि अन्ननलिका जिथे जुळतात तिथल्या स्नायूंचा पट्टा त्या हवेने थरथरतो. फुग्याचं तोंड ताणून हवा सोडली की जसा आवाज येतो तसाच हा प्रकार. हाच पट्टा तुमचे नवे स्वरतंतू.

हवा आत घ्यायच्या रीती दोन. पहिलीत ओठ मिटायचे, जीभ टाळूला टेकवायची आणि तिने हवा मागे ढकलायची. हे गिळणं नाही. गिळलेली हवा पोटात जाते, परत येत नाही, आणि नंतर पोट फुगतं. दुसरीत तोंड किंचित उघडं ठेवून स्टोमातून पटकन, छोटा श्वास आत ओढायचा. छातीतला दाब कमी होतो आणि अन्ननलिका थोडी हवा आत ओढून घेते. कुणाला पहिली जमते, कुणाला दुसरी, पुष्कळांना पुढे दोन्ही मिळून.

सुरुवात प, त, ट, क पासून सुरू होणाऱ्या छोट्या शब्दांनी करा: पाट, ताट, काका, टाका. या व्यंजनांत तोंडात हवा कोंडली जाते आणि ती आपोआप थोडी मागे ढकलली जाते, म्हणजे व्यंजन स्वतःच हवा भरून देतं. स्वराने किंवा म, न ने सुरू होणारे शब्द नंतर घ्या. एकेक अक्षर दहापैकी नऊ वेळा, ठरवून आणि लगेच निघायला लागेपर्यंत दोन अक्षरांकडे जाऊ नका. पाच-दहा मिनिटांचा सराव दिवसातून अनेकदा, एका बैठकीत तासभर कधीच नाही. जेवल्यावर लगेच तर नकोच.

अपेक्षा योग्य ठेवा. बोलताना फुप्फुसांतून लिटरच्या हिशेबात हवा मिळायची, अन्ननलिकेत मावते ती ६० ते ८० मिलिलिटरच्या आसपास. त्यामुळे एका दमात काही मोजकीच अक्षरं निघतात आणि वाक्य तुकड्यांत बोलायला लागतं. ओघ यायला अनेक महिने जातात, आणि मनापासून कष्ट करूनही काहींना तो येत नाही. यात त्यांची कसूर नसते. त्या पट्ट्याचा ताण किती, ऑपरेशनमध्ये काय काय काढावं लागलं, रेडिएशनने काय झालं, यावर पुष्कळ काही ठरतं.

आवाज खर्जातला येतो, सेकंदाला ६० ते ८० थरथरींच्या घरातला. पुरुष ते सहज स्वीकारतात. स्त्रियांना याचा फार त्रास होतो, फोनवर कुणी 'दादा' म्हटलं की त्या बोलणंच टाळू लागतात, आणि याबद्दल त्यांच्याशी आधी कुणीच बोललेलं नसतं. थेरपिस्टने ते आधी सांगायला हवं. इलेक्ट्रोलॅरिंक्सचा सूर वर चढवता येतो, ही गोष्ट पद्धत निवडताना त्यांच्या उपयोगाची ठरते.

तिसरा मार्ग: व्हॉइस प्रोस्थेसिस

स्वरयंत्र काढून टाकण्याचं पहिलं कॅन्सरचं ऑपरेशन व्हिएन्नात सर्जन थिओडोर बिलरोथ यांनी १८७३ च्या शेवटी केलं, आणि त्या पेशंटसाठी कृत्रिम आवाजाचं साधनही लगेच बनवलं गेलं. फुप्फुसातली हवा परत घशात आणायची ही धडपड तेव्हापासूनची. ती रोजच्या वापरात उतरली १९८० च्या सुमारास, स्पीच थेरपिस्ट एरिक ब्लॉम आणि सर्जन मार्क सिंगर यांच्या छोट्या व्हॉल्व्हमुळे.

कल्पना सरळ आहे. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीला बारीक छिद्र पाडून त्यात सिलिकॉनचा एकाच बाजूला उघडणारा व्हॉल्व्ह, म्हणजेच व्हॉइस प्रोस्थेसिस, बसवतात. स्टोमा बोटाने बंद करून श्वास सोडला की हवा व्हॉल्व्हमधून अन्ननलिकेत जाते आणि तोच स्नायूंचा पट्टा थरथरतो. उलट बाजूने अन्न-पाणी श्वासनलिकेत येऊ नये म्हणून व्हॉल्व्ह मिटतो. इथे पूर्ण फुप्फुसाची हवा मिळते, म्हणून वाक्यं लांब होतात, आवाज मोठा होतो आणि ख, घ, फ, भ पुन्हा बऱ्यापैकी वेगळे ऐकू येऊ लागतात. छिद्र मूळ ऑपरेशनच्या वेळीच करतात किंवा नंतर कधीतरी.

पहिला आवाज काढताना: ताठ बसा, खांदे सैल. स्टोमा पुसून घ्या. नेहमीसारखा श्वास घ्या, खूप खोल नको. अंगठ्याने किंवा बोटाने स्टोमा पूर्ण पण हलकाच झाका आणि उसासा टाकल्यासारखा 'आ' म्हणत श्वास सोडा. बोट काढा, श्वास घ्या. हवा फुसकन बाहेर आली तर झाकायला उशीर झाला किंवा कड उघडी राहिली. आवाज घुसमटला तर बहुधा बोट जास्त दाबलंय. जोर लावला की तो पट्टा आवळतो आणि आवाज उलट बंद पडतो, म्हणून जमत नसेल तेव्हा कमी ताकद लावा. तरीही आवाज तुटक किंवा अडकलेला राहिला तर थेरपिस्टला दाखवा. व्हॉल्व्हचं माप चुकलेलं असू शकतं, तो कफाने भरलेला असू शकतो, किंवा स्नायू आकसत असतील. शेवटच्या कारणावर स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन हा उपाय आहे आणि तो चांगला चालतो.

मात्र ही पद्धत सांभाळावी लागते, आणि निवडण्याआधी हे कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. दिसत नसेल, हात कापत असतील, घरात मदतीला कुणी नसेल किंवा व्हॉल्व्ह बदलणाऱ्या डॉक्टरांपर्यंत पोचणं कठीण असेल, तर माझ्या मते दुसरा मार्ग घ्यावा. व्हॉल्व्ह कायमचा नसतो, काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत चालतो. त्यावर बुरशीचा थर धरतो आणि तो नीट मिटेनासा होतो. रोज सकाळ-संध्याकाळ आणि जेवणानंतर त्याच्या ब्रशने साफ करायचा. मग आरशासमोर टॉर्च धरून पाण्याचा घोट घ्यायचा आणि बघायचं. पाणी व्हॉल्व्हच्या मधून येत असेल तर पुन्हा साफ करा. तरी थांबलं नाही तर बदलून मिळेपर्यंत जेवताना त्याचं बूच लावा. पाणी व्हॉल्व्हच्या कडेने येत असेल तर ते घरी सुटणारं काम नाही, लवकर दाखवा. खाल्लं-प्यायलेलं फुप्फुसात जात राहिलं तर न्यूमोनिया होतो.

व्हॉल्व्ह निघून आला तर छिद्र काही तासांत मिटायला लागतं. थेरपिस्टने शिकवलेली रबरी नळी लगेच त्यात घालून ठेवा, बाहेरून चिकटपट्टी लावा आणि हॉस्पिटल गाठा. ही नळी घरात आणि पिशवीत कायम असू द्या. व्हॉल्व्ह हाती लागला नाही, खोकला थांबत नाही किंवा दम लागतोय, तर तो श्वासनलिकेत गेला असं समजून थेट इमर्जन्सीत जा.

स्टोमावर बसणारं फिल्टरही वापरा. हवा गरम करणं, ओलसर ठेवणं, धूळ अडवणं ही नाकाची कामं ते थोडीफार करतं. कफ कमी झाला की व्हॉल्व्ह कमी तुंबतो आणि बोलणं सुधारतं.

ऐकणाऱ्यांसाठी

टीव्ही बंद करा. समोर बसा, ओठ दिसू द्या. वाक्य तुम्ही पुरं करू नका. कळलं नाही तर मान डोलावू नका, जेवढं कळलं तेवढं परत म्हणा आणि उरलेलं विचारा. डॉक्टरांनी किंवा पाहुण्यांनी प्रश्न विचारला की उत्तर त्या व्यक्तीलाच देऊ द्या, कितीही वेळ लागो. घरात कुणाला कमी ऐकू येत असेल तर त्यांची तपासणी करून घ्या. सरावाचा निम्मा फायदा तिथे वाया जात असतो.

फोनचा सराव मुद्दाम करा. आधी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, ओळखीच्या माणसाबरोबर. माइक तोंडाजवळ हवा, स्टोमाजवळ नको, नाहीतर पलीकडे फक्त श्वासाचा वारा ऐकू जातो. पहिलं वाक्य ठरलेलं ठेवा: 'माझं घशाचं ऑपरेशन झालंय, आवाज वेगळा येईल, फोन ठेवू नका.' अनोळखी लोक पहिल्या दोन सेकंदांत फोन कट करतात, या वाक्याने पुष्कळ जण थांबतात.

मोठ्याने ओरडून हाक मारता येणार नाही, म्हणून पलंगाजवळ आणि बाथरूममध्ये घंटी ठेवा, आणि फोनवर एका बटणात जाणारा मेसेज तयार ठेवा. अंघोळीला स्टोमावर पाणी अडवणारं, पण श्वास न अडवणारं झाकण हवं. पोहणं बंद. खिशात एक कार्ड कायम असू द्या, त्यावर ठळक अक्षरांत लिहा: 'मी फक्त मानेतल्या छिद्रातून श्वास घेतो/घेते. ऑक्सिजनचा मास्क मानेवर लावा. कृत्रिम श्वासही मानेतूनच द्या. हे छिद्र झाकू नका.'